मिल हाउसचे कान

बारामती-इंदापूर पट्ट्यात मला नावानं ओळखणारी माणसं थोडीच सापडतील. ‘कानवाल्या बाई’ म्हणालात तर मात्र वडगाव निंबाळकरपासून भिगवणपर्यंत कुणीही घरापर्यंत आणून सोडेल. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी परवा बारामतीच्या मंडईत एका गवारवाल्या आजोबांनी ठरल्यापेक्षा मूठभर जास्त गवार पिशवीत टाकली आणि स्वतःच्या कानाला हात लावून हसले. यांचे कान मी कधी तपासले ते मला काही केल्या आठवेना. त्यांना मात्र आठवत होतं, आणि गवार कोवळी होती, म्हणून मीही हसून पुढं झाले.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते अजून उमजलेलं नाही. तिच्या समजुतीनं मी नर्स होते. मी नर्स नव्हते. पुण्यातली एक संस्था कामगारांच्या प्रकृतीवर संशोधन करायची. आवाज, उष्णता, धूळ, रात्रपाळी आणि साहेबाची बोलणी यांच्यात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, हे शोधायचं. डॉक्टर मंडळी पुण्यात बसत. मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये जन्मलेली, भोंगा वाजला की दप्तर उचलणारी, म्हणून हा पट्टा माझ्या वाट्याला आला. साखर कारखाने, दूध प्रकल्प, फाउंड्र्या, कपडे शिवणारे कारखाने, जिथं माणूस दमतो तिथं मी जायची. रक्तदाब घ्यायचा, कान तपासायचे आणि प्रश्नावली भरून घ्यायची.

कान तपासणं त्यातल्या त्यात सोपं. माणसाला काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवायचे. मी बाहेरून बटण दाबलं की त्याला एक बारीक ‘टी’ असा आवाज येतो. आला की त्यानं बोट वर करायचं. आवाज कमी कमी करत न्यायचा आणि बोट वर येणं कुठं थांबतं ते बघायचं. एवढंच.

खरा कस लागायचा तो प्रश्नावलीत. पुण्याच्या लोकांनी उत्तराला चारच जागा ठेवलेल्या: नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. आमच्या माणसाला या चार खुर्च्यांत बसायला आवडत नाही. ‘गेल्या महिन्यात तुम्हाला उदास वाटलं का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘बरं हाय की.’ ‘झोप नीट लागते का?’ ‘बरं हाय.’ ‘कामाचा ताण येतो का?’ तरी बरंच असायचं. एका दूध प्रकल्पात थंड खोलीत दिवसभर क्रेट उचलणाऱ्या बाईला ताणाचं विचारलं, तर ती म्हणाली की कामाचा नाही येत, सुट्टीचा येतो, कारण सुट्टीच्या दिवशी सासू घरातलं सगळं काढून ठेवते. हे मी कुठल्या खुर्चीत बसवू? एक बॉयलरवाले गृहस्थ दोन्ही दंडांचा रक्तदाब घ्यायला लावायचे आणि त्यातला जो चांगला येईल तोच लिहा म्हणून हट्ट धरायचे.

आणि गुप्ततेचं तर विचारूच नका. सुरुवातीला मला एक वाक्य म्हणावंच लागायचं, की तुमचं नाव कुठंही येणार नाही, तुम्ही सांगितलेलं मॅनेजमेंटला, शेजाऱ्याला, घरच्यांनाही कळणार नाही. समोरच्याला धीर यावा म्हणून हे वाक्य होतं. इकडं ते ऐकून लोकांचं तोंड उतरायचं. एवढा तासभर घालवायचा आणि नाव छापून येणार नाही, मग उपयोग काय, असं मला किती जणांनी विचारलं असेल. शिवाय घरी गेलं की मुलाखत एकट्याची कधीच व्हायची नाही. शेजारीण यायची, जाऊ यायची, आणि ‘तुम्हाला राग लवकर येतो का?’ या प्रश्नाचं उत्तर सगळ्या मिळून द्यायच्या. त्यांना बाहेर पाठवायची विद्या मी फार उशिरा शिकले. मी एकेकीचा रक्तदाब घ्यायला पुढच्या ओसरीवर मशिनसकट माझी मदतनीस बसवायची. सगळ्या तिकडं पळायच्या.

तर हे गुप्ततेचं वाक्य मी अगदी तोंडपाठ, विचार न करता म्हणायची. त्याचं वजन मला ऊस गाळपाच्या एका सीझनला कळलं, ते सांगायला ही लेखणी उचलली आहे.

कारखान्याचं नाव सांगत नाही. आमच्याकडं कुठल्याही दिशेला बघितलं तरी एखादं धुराडं दिसतं, त्यातलंच एक धरा. काम होतं मिल हाउसमधल्या कामगारांचं. ऊस चिरडून रस काढतात ती जागा म्हणजे मिल हाउस. सीझन सुरू झाला की तिथं रात्रंदिवस असा काही घरघराट असतो, की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ दाखवली की पट्टा थांबवायचा. अंगठा ओठाला लावला की चहा आलाय. कॉलर उचलली की साहेब आलेत, आणि नाक धरलं की कुठले साहेब तेही कळतं. पहिल्या दिवशी मी तिथं उभी होते तेव्हा अर्ध्या तासात त्यांनी माझ्याबद्दल बरंच काही बोलून घेतलं असावं, कारण सगळे हसत होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

त्यांच्यात मारुतीतात्या होते. मिल फिटर. राहायला सणसरच्या बाजूला एका वस्तीवर. उंच, काटक, पांढऱ्या टोपीची कड तेलकट झालेली, बोलणं कमी आणि हसणं डोळ्यांतून. कुठलंही काम नीटनेटकं करायची सवय होती. माझ्या तपासणी पेटीचं सैल झालेलं बिजागर मी न सांगताच बसवून दिलं होतं त्यांनी. मला तात्या आवडायचे, हे सरळच सांगते.

त्यांची मुलाखत कँटीनमागच्या लिंबाखाली झाली. समोरासमोर बसलो होतो. सगळी उत्तरं ‘बरं हाय’ अशी चालली होती. मग प्रश्न आला, मनातलं कुणाशी बोलता का. तात्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मी माझं गुप्ततेचं वाक्य परत म्हणाले. त्यांनी ते नीट बघून घेतल्यासारखं ऐकलं आणि म्हणाले, ‘कुणाशी बोलायचं बाई? पोरी नांदायला गेल्या. मंडळी हाय, पर तिचं-माझं बोलणं मिटलं. मागं तिच्या पोटात दुखाय लागलं, दवाखान्यात न्हेली, आपरेशन झालं, आन मला शेजारचा गडी कारखान्यात येऊन सांगतो. सकाळी मी घरातच हुतो की. एका शबदानं बोलली न्हाय. तवाच कळलं, आपली गरज सरली.’

असलं काही आलं की लिहून घ्यायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा, असं शिक्षण होतं. मी पुढचा प्रश्न विचारला.

त्याच आठवड्यात कानांचं शिबिर झालं. मिल हाउसवाल्यांचे कान कसे निघतात हे आम्हाला इतर ठिकाणांहून माहीत होतं. घरघराटानं आधी बारीक आवाज जातात. इथं मात्र उलटंच घडलं. एकेक जण येत होता, मी आवाज कमी करत करत शेवटापर्यंत नेत होते आणि बोट वर येतच होतं. मारुतीतात्यांचं बोट तर सगळ्यांत तत्पर. अख्ख्या मिल हाउसचे कान शाळकरी पोरांसारखे निघाले. आमचे डॉक्टर सर पुण्याहून फोनवर इतके खूश झाले, की या कारखान्यानं नेमकं काय केलंय ते शोधून काढा, आपण ते सगळीकडं सुचवू, म्हणाले. मीही फुशारले. आपल्या पट्ट्याचं काहीतरी नाव होतंय असं वाटलं.

मग घरोघरच्या मुलाखती सुरू झाल्या. कामाचा परिणाम घरावर काय होतो हे बायकांकडून समजून घ्यायचं होतं. तात्यांच्या मंडळींचं नाव शालन. मी त्यांना वहिनी म्हणायची. गोल चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, दारात चार वाफे मेथीचे. रक्तदाबाचं मशिन ओसरीवर गेल्यावर आम्ही दोघी आत चुलीपाशी बसलो. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरच. मी प्रश्न वाचला, नवऱ्याच्या स्वभावात काही बदल जाणवतो का.

‘बदल व्हय?’ वहिनी भाकरी उलटत म्हणाल्या. ‘लई मोठं झाल्यात आमचं मालक. हाक मारली तर वळत न्हाईत. इचारलं तर उत्तर न्हाय. आदी असं न्हवतं बाई. त्या दिवशी सकाळी पोटात कळ आली, मी हितंच बसले हुते. म्हणलं, आज जाऊ नका कामावर, मला बरं न्हाय. ह्यांनी पायताण घातलं, डबा घेतला आन गेलं. वळून बी बघितलं न्हाय. तवापासनं मी काय सांगायचंच बंद केलं.’

मी लिहायची थांबले. एकाच सकाळची दोन टोकं माझ्याकडं होती. तो म्हणत होता, ती बोलली नाही. ती म्हणत होती, मी बोलले आणि तो निघून गेला. आणि तात्यांचे कान उत्तम आहेत हे मीच आठवड्यापूर्वी तपासून सांगितलेलं. म्हणजे तात्या खोटं बोलतायत, एवढाच अर्थ निघत होता. मला त्यांचा इतका राग आला, की वहिनींनी दिलेली गरम भाकरीही गोड लागेना.

निघताना तात्या अंगणात पाठमोरे बसून म्हशीचं दावं वळत होते. मी दोन पावलांवर जाऊन म्हणाले, ‘तात्या, येते मी.’ हात चालत राहिले. मी परत म्हणाले. वस्तीवर सामसूम होती, लांबच्या विहिरीवरची मोटारसुद्धा बंद होती. तात्या दावं वळत राहिले. दारातून वहिनी बघत होत्या. ‘बघितलंत?’ त्या म्हणाल्या. ‘आता तुमाला बी तसंच.’

मी वळसा घालून समोर गेले. तात्यांनी मान वर केली, चटकन उठले आणि हात जोडून म्हणाले, ‘निघाला व्हय? च्या तरी घ्यायचा.’ चेहऱ्यावर नेहमीचं हसू. माझा राग तिथल्या तिथं उतरला आणि मला शिबिरातल्या निकालाचीच शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मिल हाउसचे मुकादम पांडुरंगआबा यांना गाठलं. आबा म्हणजे त्या सगळ्या गड्यांचे कारभारी. मी थेट विचारलं की शिबिरात काय केलंत. आधी त्यांनी काही कळत नसल्याचं सोंग केलं. मग म्हणाले, रागावणार नसाल तर सांगतो. रागावणार नाही म्हटल्यावर त्यांनी मान किंचित पुढं काढली, हनुवटी खाली नेली आणि डोळे बारीक केले. ‘बटन दाबायच्या आदी तुमी असं करताय बाई,’ ते म्हणाले. ‘काचंतनं दिसतं की.’

मी हात पुठ्ठ्याआड झाकून बसायची. मानेचं काय करणार? जन्मभर घरघराटात एकमेकांच्या बोटांवर आणि भुवयांवर नजर ठेवून जगलेली माणसं ती. पहिल्या दोघांना माझी मान कळली, त्यांनी बाहेर येऊन आबांना सांगितलं आणि आबांनी रांगेतल्या सगळ्यांचा क्लास घेतला. असं का केलंत, तर ज्याचा कान नापास होईल त्याला घरी बसवणार, अशी त्यांची खात्री होती. मी तुमचं नाव कुठं जाणार नाही म्हणाले होते, हे त्यांना आठवत होतं. पण तसं तर सगळेच म्हणतात, असं आबा अगदी प्रेमानं म्हणाले.

मी डॉक्टर सरांना फोन केला. ते खो खो हसले. परत तपासा, एवढंच म्हणाले. या वेळी मी खुर्ची उलटी ठेवली, सगळ्यांची पाठ माझ्याकडं. त्याआधी आबांना पुण्याला नेऊन सरांसमोर बसवलं आणि मिल हाउसचा एकत्रित निकाल तेवढा बाहेर जाईल, एकट्यादुकट्याचा कुणाचाच नाही, हे सरांच्या तोंडून वदवलं. आबांनी परत येऊन हातानंच काहीतरी खूण केली आणि गडी खुर्चीत बसायला लागले. खरे कान आता समोर आले. बहुतेकांचे वयापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी म्हातारे होते. मारुतीतात्यांचे सगळ्यांत जास्त. पुरुषाचं जाड बोलणं समोरून थोडंफार पोचायचं, बाकी ते ओठांवरून ताडायचे. बारीक आवाज जवळजवळ गेलेच होते. बाईचं हळू बोलणं, पाठीमागून मारलेली हाक, फोनची घंटी, काही नाही.

मी प्रत्येकाला त्याचा निकाल एकट्यात समजावून सांगितला. तात्यांना सांगताना मुद्दाम समोर बसून, सावकाश बोलले. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि जमिनीकडं बघत राहिले. ऐकू कमी येतंय हे त्यांना कळत होतं, पण किती ते कळत नव्हतं. माणसाला न आलेला आवाज आला नाही हे कुठून कळणार? मी यंत्राबद्दल सांगितलं. कानात यंत्र घातलं की लोक बहिऱ्या म्हणून हाक मारतात आणि मग तीही ऐकू येते, म्हणून नको म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘आता ह्ये कुणाकुणाला सांगणार?’

‘कुणालाच नाही.’

‘मंडळींला?’

‘नाही, तात्या.’

‘न्हाय सांगायचं,’ तात्या म्हणाले. ‘आदीच मी तिच्या हिशोबी कामाचा ऱ्हायलो न्हाय. त्यात ही भर कशाला?’

मी म्हणाले, तुम्हीच सांगा त्यांना. एकदा सांगून बघा. त्यांनी नुसती मान हलवली. याच्या पुढं मला जाता येत नव्हतं. वहिनींनी त्या सकाळी जाऊ नका म्हटलं होतं, हे मला माहीत होतं, पण ते वहिनींनी मला गुप्ततेच्या वचनावर सांगितलेलं. तात्यांना ते ऐकू आलं नव्हतं, हेही मला माहीत होतं, पण ते तात्यांचं गुपित. नवरा-बायको एका चुलीवरचं जेवत होते, दोघंही मनातून खचले होते, आणि ज्या एका वाक्यानं ते सावरले असते ते माझ्या पिशवीत होतं. घरी आले तरी मला जेवण जाईना. माझे यजमान म्हणाले, तुझा स्वतःचा रक्तदाब घे एकदा.

सरांना विचारलं. ते फार भले, पण नियमाचे पक्के. त्यांचं म्हणणं असं, की तुझ्या पिशवीतले दोन कागद एकमेकांशी बोलता कामा नयेत. आज तू चांगल्यासाठी एकाचं दुसऱ्याला सांगशील, उद्या सगळ्या वस्तीला कळेल की बाई सांगतात, आणि मग या पट्ट्यात कुणी कुणाला खरं सांगणार नाही. मला त्यांचं पटत होतं, म्हणून तर जास्त चिडचिड होत होती. शेवटी मी विचारलं की सगळ्या मिल हाउसचा एकत्र निकाल तरी कुणाला सांगता येईल का? ते म्हणाले, तो सगळ्यांचाच आहे, कुणालाही सांग.

संक्रांत झाली होती. वस्तीवरच्या मारुतीच्या देवळाच्या मंडपात हळदीकुंकू ठरलं आणि बायकांनी मला चार शब्द बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच दिलेला, रक्तवाढीसाठी काय खावं. मी नाचणी आणि पालेभाजीवर दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, आता दुसरं सांगते. मिल हाउसमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या बहुतेक माणसांच्या कानांचं काय होतं ते. कुणा एकाचं सांगत नाही. आधी बारीक आवाज जातात. बाईमाणसाचा आवाज मुळात बारीक, त्यात ती पाठीमागून आणि दुसऱ्या खोलीतून बोलणार, तो पोचत नाही. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोललं तर पोचतो. माणूस मुद्दाम गप्प बसत नाही. त्याला कुणी बोललंय हेच माहीत नसतं.

मग कोपऱ्यातली एक सून हळूच म्हणाली, म्हणजे मामंजी माझ्यावर रागावलेले नाहीत? तिच्या शेजारणीनं सांगितलं की नवरा फोन उचलत नाही म्हणून तिनं भावाला बोलावून घेऊन केवढा तमाशा केला होता. कुणाचा नवरा टीव्ही मोठा लावतो म्हणून सासूशी भांडण, कुणाचा लग्नकार्यात कोपऱ्यात जाऊन बसतो म्हणून नातेवाईक नाराज. एकेक रुसवा बाहेर यायला लागला आणि एकेकीच्या तोंडावरचा रंग बदलायला लागला. सगळ्यांत पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, ‘आमच्या मालकांचा कान चांगला हुता तवा बी ह्येच हुतं.’ सगळा मंडप हसला आणि तिळगूळ वाटायला सुरुवात झाली.

शालनवहिनी हसल्या नाहीत. सगळ्या पांगल्यावर वाण पदराखाली धरून त्या माझ्याजवळ आल्या. पाठमोऱ्या माणसाला अजिबात ऐकू येत नाही का, असं विचारलं. मी म्हणाले, वहिनी, मी सगळ्यांचं मिळून सांगितलं, कुणा एकाचं मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, ‘मी तुमाला कुणाचं इचारलंय?’ आणि निघून गेल्या.

इथं मध्येच एक सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्याची अडचण नको. एकत्रित निकाल मॅनेजमेंटला गेला. कानावर घालायची झाकणं आली आणि पहिला सीझन ती खिळ्यांना टांगलेली राहिली, कारण ती घातली की घाम फार येतो. मग आबांनी स्वतः घालायला सुरुवात केली, तेव्हा बाकीच्यांनी घातली. मिलपाशी सलग उभं राहायचे तास कमी झाले. कुणालाही घरी बसवलं नाही. तात्यांना त्यांच्याच मर्जीनं दुरुस्तीच्या शेडमध्ये घेतलं आणि दोन वर्षांनी ते मानानं निवृत्त झाले. तरुण पोरांचे कान त्यामुळं वाचले असतील, अशी मला आशा आहे. जुन्यांचे जे गेले ते परत आणायची विद्या आमच्याकडं नव्हती, आणि याची खंत मला अजून आहे. आम्ही पोचलो ते उशिरा पोचलो.

हळदीकुंकवानंतर चार-पाच दिवसांनी मी त्याच वस्तीवर राहिलेली घरं उरकत होते. वहिनींनी रस्त्यात अडवलं आणि च्या घेऊनच जा म्हणाल्या. तात्यांची सुट्टी होती. ते ओसरीवर दाराकडं पाठ करून बसले होते आणि विळ्याला धार लावत होते. मला त्यांनी पाहिलं नव्हतं. वहिनींनी मला आत चुलीपाशी बसवलं आणि आधण ठेवलं. मग तिथूनच, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘अवो.’

विळ्याचा आवाज चालू राहिला.

त्यांनी परत हाक मारली. तोच आवाज, जराही न वाढवता. नंतर त्या उंबऱ्यात उभ्या राहून नवऱ्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण चहा उतू गेला आणि मीच उठून भांडं खाली घेतलं. मग त्या वळसा घालून तात्यांच्या समोर गेल्या, खाली बसल्या आणि त्यांच्या हातातला विळा काढून बाजूला ठेवला. तात्या चमकून बघायला लागले. वर्षानुवर्षांत ती अशी समोर येऊन बसली नसावी.

‘त्या दिवशी मी म्हणलं हुतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘आज जाऊ नका म्हणलं हुतं.’

तात्या त्यांच्या ओठांकडं बघत होते. ‘कवा?’

‘पोटात दुखत हुतं तवा. तुमी पायताण घालत हुता. मी चुलीपाशी हुते.’

‘तू म्हणली हुतीस?’

‘व्हय.’

तात्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. ‘मला वाटलं, तुला मला सांगावं वाटलं न्हाय,’ ते म्हणाले. ‘मला आलं न्हाय गं. मला कायच आलं न्हाय.’ आणि एवढा मोठा माणूस ओठ घट्ट मिटून रडायला लागला. वहिनींनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, जरा जोरातच. माझेही डोळे भरून आले. तिथं बसणं बरं नव्हतं, म्हणून पिशवी उचलून मी मागच्या दारानं निघाले.

दारातून पाय बाहेर टाकला तेव्हा तात्यांचा आवाज आला, ‘लई दुखत हुतं का?’

‘लई,’ वहिनी म्हणाल्या. तो शब्द पोचला नसावा, कारण मग त्यांनी मोठ्यानं, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘लई दुखत हुतं.’